निरंक आणि अप्राप्त

महाराष्ट्रातील कोणत्याही शासकीय कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकाला पहिल्या काही दिवसांतच दोन शब्दांतील फरक कळून चुकतो. तालुक्याकडून मासिक अहवाल आला आणि त्या महिन्यात नोंदवण्यासारखे काहीच घडलेले नसेल, तर रकान्यात ‘निरंक’ लिहायचे. अहवालच आलेला नसेल, तर ‘अप्राप्त’ लिहायचे. निरंकाची बेरीज करता येते. अप्राप्तासाठी स्मरणपत्र काढावे लागते. ज्याला हा फरक उमगत नाही, त्याच्याकडे गोषवारा तयार करण्याचे काम कोणताही शहाणा वरिष्ठ सोपवत नाही.

हेच काम आता आपण संगणकीय नकाशांकडे सोपवले आहे. योजना पाण्याची असो, रस्त्यांची असो वा पोषणाची, तिचा आढावा आज दिल्लीत रंगीत नकाशावर घेतला जातो. मात्र हा नकाशा काढणाऱ्या प्रणालीला निरंक आणि अप्राप्त यांतील फरक कळतो किंवा नाही, हे तपासून पाहण्याची तसदी आपल्यापैकी बहुतेक जण घेत नाहीत. हे संगणक विभागाचे काम, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात मला नेमके याच्या उलट म्हणायचे आहे. नकाशामागील तक्त्यातील प्रत्येक रकाना कोणत्या प्रकारचा, म्हणजे अक्षरांचा की अंकांचा, पूर्णांकाचा की दशांशाचा, तारखेचा की होय-नाहीचा, हे ठरवणे हा प्रशासकीय निर्णय आहे. तो निर्णय सॉफ्टवेअर पाळते की मोडते याची चाचणी घेणे हे विषय सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते आपण टाळतो आणि वर दोष मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला देतो.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. एका केंद्रीय योजनेचा जिल्हावार नकाशा बैठकीत पडद्यावर दाखवला गेला. नकाशा क्यूजीआयएस या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला होता. काश्मीरपासून दिल्लीपर्यंतचा सारा पट्टा पांढरा होता आणि सूचीत पांढऱ्या रंगापुढे लिहिले होते, ‘प्रगती शून्य’. ज्या शहरात आम्ही बसलो होतो, ते शहरही पांढरेच. संबंधित राज्यांना खुलासा मागणारी पत्रे काढावीत, असे ठरले. एका सल्लागाराने अशी शंका काढली की माहिती आलेली असावी, नकाशातच काही घोटाळा असावा. आणि लगेच निष्कर्षही सांगितला, की फुकटच्या सॉफ्टवेअरचे असेच व्हायचे. महागडे परवाने विकत घेण्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात नस्तीवर आला.

आमच्या विभागातील एका तरुण सांख्यिकी अधिकाऱ्याने मात्र एक साधा प्रश्न विचारला. जम्मू-काश्मीर, हिमाचल, पंजाब, चंडीगड, उत्तराखंड, हरियाणा आणि दिल्ली ही सारी पांढरी आहेत हे खरे. पण राजस्थानातला एकटा गंगानगर जिल्हाच पांढरा का? त्या प्रश्नाने कोडे सुटले. २०११ च्या जनगणनेत देशातील ६४० जिल्ह्यांना ००१ ते ६४० असे तीन स्थानांचे संकेतांक दिलेले आहेत. कुपवाडा ००१ आणि गंगानगर ०९९. आमच्या कार्यालयात कोणीतरी योजनेचा तक्ता हिशेबाच्या तक्त्यात, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये, उघडून पुन्हा जतन केला होता. त्या प्रणालीने ‘००१’ ही संख्या आहे असे गृहीत धरले आणि पुढची शून्ये अनावश्यक म्हणून काढून टाकली. नकाशाच्या तक्त्यात ‘००१’ ही अक्षरे होती. जोडायच्या तक्त्यात १ हा आकडा होता. दोन्ही जुळले नाहीत. १०० पासून पुढचे सारे जिल्हे बिनबोभाट जुळले आणि पहिले ९९ जिल्हे गळाले. जे जुळले नाहीत त्यांच्यापुढे माहिती नव्हती, म्हणजे ते ‘अप्राप्त’ होते. पुढच्या टप्प्यावर कोणीतरी रिकाम्या जागी शून्य भरले आणि अप्राप्ताचे निरंक झाले. पत्रे काढायची ती आमच्याच तक्त्याला काढायला हवी होती.

यात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा दोष कोणता? त्याने जे दिले ते जोडले. महागडा परवाना घेतला असता तरी ‘००१’ आणि १ यांची गाठ आपोआप पडली नसती.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी या प्रसंगातील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हीच प्रणाली कोणी महाराष्ट्राच्या माहितीवर तपासली असती, तर ती निर्दोष ठरली असती. २०११ च्या यादीत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ ते ५३१ या क्रमांकांत आहेत. पिनकोडवर तपासली असती तरी निर्दोष ठरली असती, कारण आपला पिनकोड शून्याने सुरू होत नाही. दोष दिसतो तो फक्त यादीच्या आरंभी असलेल्यांना. चाचणी कोणत्या माहितीवर घ्यायची हे ठरवण्यासाठी संगणकाचे नव्हे, देशाचे ज्ञान लागते, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आम्हाला मोजमापाचे चार प्रकार शिकवले होते. एस. एस. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये ते मांडले. केवळ नाव देणारे, क्रम लावणारे, अंतर सांगणारे आणि गुणोत्तर सांगणारे. जिल्ह्याचा संकेतांक हा पहिल्या प्रकारात मोडतो. तो अंकांनी लिहिलेला असला तरी ते नाव आहे, संख्या नव्हे. दोन पिनकोडांची सरासरी काढून मधल्या गावी पत्र पाठवता येत नाही. तेव्हा ज्याची बेरीज करण्यात अर्थ नाही तो रकाना अक्षरांचाच असला पाहिजे, हा साधा नियम आहे. तो यंत्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याला ठाऊक असायला हवा होता.

आपल्या पूर्वसूरींना तो ठाऊक होता. १८३० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमीन पाहणीची जी पद्धत बसवली, तिच्यात जमिनीची प्रत आण्यांत मांडली जाई. सोळा आण्यांच्या जमिनीच्या तुलनेत ही जमीन किती आण्यांची, हे मोजमाप कोणत्या जातीचे आहे याचा विचार त्या अधिकाऱ्यांनी स्वतः केला होता. पुढे गाव नमुने सिद्ध झाले. तलाठ्याच्या दप्तरातील नमुना एक ते एकवीस यांतील कोणत्या रकान्यात काय लिहावे आणि काय लिहू नये, हे महसूल खात्याने ठरवले; वह्या छापणाऱ्या मुद्रणालयाने नव्हे. आज आपण नेमकी ही जबाबदारी मुद्रणालयाकडे सोपवून बसलो आहोत.

त्या प्रसंगानंतर मी स्वतः एक चाचणी घेतली. मी संगणकतज्ज्ञ नाही. दोन दुपारी पुरल्या. दहा-बारा ओळींचा एक तक्ता केला. त्यात शून्याने सुरू होणारा संकेतांक ठेवला, देवनागरी गावाचे नाव ठेवले, एक लांबलचक शेरा, ‘७/१२’ असा मजकूर, चार जुलै २०२१ ही तारीख, तीनशे कोटी रुपयांची रक्कम, एक खरेखुरे शून्य, एक रिकामी जागा, आणि ‘होय’, ‘नाही’ व ‘विचारले नाही’ अशी तीन उत्तरे ठेवली. मग हा तक्ता नेहमीच्या सरकारी मार्गाने फिरवला. आधी स्प्रेडशीट, तिथून सीएसव्ही, तिथून क्यूजीआयएस, मग शेपफाइल, मग जिओपॅकेज, मग पोस्टजीआयएस आणि पुन्हा सीएसव्ही. निघताना काय होते आणि परतताना काय उरले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रत्येक टप्प्याची वेगळी परीक्षाही घेतली.

पहिला बळी ‘७/१२’ चा. स्प्रेडशीटने त्याची तारीख केली. आपला सातबारा एका क्षणात सात डिसेंबर किंवा बारा जुलै झाला. कोणता, ते संगणकाची मांडणी भारतीय आहे की अमेरिकन यावर अवलंबून. ‘१२/३’ असा खसरा वा गट क्रमांक लिहिणाऱ्या प्रत्येक राज्याला हा धोका आहे. हा आपल्याच अडाणीपणाचा प्रकार आहे असे कोणी समजू नये. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलली, कारण स्प्रेडशीट त्यांना मार्च आणि सप्टेंबरच्या तारखा समजत असे. वैज्ञानिकांनी यंत्रापुढे हात टेकले. आपण सातबाऱ्याचे नाव बदलणार आहोत काय?

दुसरी परीक्षा शेपफाइलची. सरकारी कार्यालयांतून नकाशे आजही बहुधा याच स्वरूपात हाती पडतात. हे स्वरूप मुक्तस्रोतवाल्यांनी घडवलेले नाही. ते एस्री या व्यापारी कंपनीचे आहे. तिने त्याचे तपशील १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील माहितीचा तक्ता १९८० च्या दशकातील डीबेसच्या घडणीचा आहे. त्याच्या मर्यादा सर्वज्ञात आहेत. रकान्याचे नाव दहा बाइटांपेक्षा मोठे नको, मजकूर २५४ बाइटांपेक्षा लांब नको, रकाने २५५ पेक्षा अधिक नकोत, तारखेसोबत वेळ नाही, आणि संख्येच्या रकान्यात ‘माहिती नाही’ असे लिहिण्याची खात्रीशीर सोय नाही.

ऐकायला हे किरकोळ वाटते. त्याचा प्रशासकीय अर्थ पाहा. इंग्रजीत ‘पॉप्युलेशन’ हा शब्द रोमन लिपीत बरोबर दहा अक्षरांचा होतो. त्यापुढे कोणी २००१ आणि २०११ अशी वर्षे जोडून दोन रकाने केले, तर दोन्हींची वर्षे छाटली जातात. मग साधन आपल्या मनाने एका रकान्याच्या नावाला काहीतरी शेपूट जोडते. कोणती लोकसंख्या कोणत्या सालची, हे पुढच्या माणसाने अंदाजाने ओळखायचे. देवनागरीत अवस्था याहून वाईट. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट घेते. दहा बाइटांत तीन चिन्हे बसतात. ‘लोकसंख्या’ या शब्दाचे ‘लोक’ एवढेच उरते. संख्या गळून पडते. आणि २५४ बाइटांच्या शेऱ्यात इंग्रजी लिहिणाऱ्याला २५४ अक्षरे मिळतात, तर मराठीत लिहिणाऱ्या तलाठ्याला ८४ चिन्हे. त्याचा शेरा वाक्याच्या मध्येच तुटतो. तो तुटला हे त्याला कोणी सांगतही नाही.

तिसरी परीक्षा रकमेची. पूर्णांकाचा रकाना ३२ बिटांचा असेल तर त्यात २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाही. म्हणजे रुपयांत लिहिलेली रक्कम २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे गेली की खेळ खलास. जिल्ह्याचा खर्च रुपयांत मांडणाऱ्याला ही भिंत आड येणारच. जवळजवळ साऱ्या मुक्तस्रोत नकाशा-साधनांच्या मुळाशी असलेल्या जीडीएएल या संचाने ६४ बिटांच्या पूर्णांकांची सोय २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून केली आहे. सोय आहे, पण जुन्या साच्यावरून केलेल्या तक्त्यात ती आपोआप अवतरत नाही. रकाना करताना कोणीतरी ती निवडावी लागते.

चौथी परीक्षा आपल्या भाषेची. चाचणीसाठी मी गावाचे नाव मुद्दाम ‘कऱ्हाड’ निवडले. मराठीतला हा अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिता येतो. स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडता येतो, साध्या ‘र’ खाली नुक्ता देऊन पाय मोडता येतो, किंवा ‘र’चा पाय मोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकता येते. पडद्यावर तिन्ही कऱ्हाड सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ती तीन वेगळी गावे. दोन तक्ते नावावरून जोडायला गेले की एक जुळते आणि दोन गळतात. मुक्तस्रोताचे भक्त म्हणतात, की हजारो डोळे पाहत असल्यामुळे त्यात दोष टिकत नाही. त्या डोळ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्यांतील किती डोळ्यांनी कधी कऱ्हाड टंकित केले आहे? आपली माहिती घेऊन आपण चाचणी केली नाही, तर ती करायला परदेशातून कोणी येणार नाही.

आता निरंक आणि अप्राप्त. शेपफाइलमध्ये रिकामी संख्या पाठवली की काय होते, हे पाठवणाऱ्या साधनावर अवलंबून असते. कुठे शून्य पडते, कुठे ताऱ्यांची ओळ, कुठे भलीमोठी ऋण संख्या. सीएसव्हीमध्ये रिकामी जागा आणि रिकामे अक्षर यांत भेद उरत नाही. जिओपॅकेज हे २०१४ मध्ये मानक म्हणून स्वीकारलेले मुक्त स्वरूप; क्यूजीआयएसने २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून तेच नेहमीचे स्वरूप म्हणून धरले आहे. त्यात रिकामी जागा रिकामीच राहिली, देवनागरी रकान्यांची नावे शाबूत राहिली, तारखेसोबत वेळही टिकली. तरी तेही डोळे मिटून स्वीकारावे असे नाही. त्याच्या पोटात एसक्यूलाइट आहे आणि पूर्णांकाच्या रकान्यात कोणी अक्षरे कोंबली तर ते सहसा हरकत घेत नाही. पोस्टजीआयएस मात्र शिस्तीचे. आकड्याच्या रकान्यात अक्षरे आली की नकार देते आणि चूक काय ते सांगते. चांगला अव्वल कारकून जसा अपुरा अर्ज टेबलावरूनच परत करतो, तसे.

या फरकाने कोणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांसाठी एक कल्पित उदाहरण घेतो. दहा गावे आहेत. आठ गावांत प्रत्येकी पाच तीव्र कुपोषित बालके आढळली. उरलेल्या दोन गावांत अंगणवाडी सेविकेचे पद रिक्त असल्याने वजने झालीच नाहीत. खरे उत्तर असे, की आठ गावांची सरासरी पाच आणि दोन गावे अप्राप्त. तक्त्याने रिकाम्या जागी शून्य भरले की दहा गावांची सरासरी चार होते. कुपोषण वीस टक्क्यांनी घटल्याचे दिसते आणि नकाशावर सर्वांत हिरवीगार दिसतात ती नेमकी तीच दोन गावे, जिथे मूल तोलायला कोणी गेले नाही. पुढच्या वर्षी पोषण आहाराचा वाढीव निधी आठ गावांना जातो. हिरव्या गावांना कशाला? कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटी नोंद केली नाही, कोणत्याही कागदावर चुकीची सही नाही. तरी दोन गावांतली मुले हिशेबातून पुसली गेली. प्रशासनातील माझ्या इतक्या वर्षांत मी अन्यायाचे अनेक प्रकार पाहिले; इतका निनावी अन्याय दुसरा पाहिला नाही.

या मुद्द्यावर दोन छावण्या आहेत आणि माझे भांडण दोघांशी आहे.

पहिली छावणी परवाने विकत घेऊ पाहणाऱ्यांची. काही बिघडले की मुक्तस्रोताकडे बोट दाखवायचे, ही तिची रीत. तिला माझे उत्तर असे, की वर सांगितलेल्या मर्यादांपैकी बऱ्याच मर्यादा स्वरूपाच्या आहेत, सॉफ्टवेअरच्या किमतीच्या नाहीत. महागड्या सॉफ्टवेअरमधून शेपफाइल काढली तरी नाव दहा बाइटांतच छाटले जाते. फरक इतकाच, की मुक्तस्रोतात कारण शोधता येते, दोष जाहीरपणे नोंदवता येतो आणि तो दुरुस्त झाला की नाही हेही पाहता येते.

दुसरी छावणी आपल्या घरची, म्हणून अधिक धोकादायक. भारत सरकारने २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे. दोन्ही धोरणांचा मी समर्थक आहे. परंतु त्यांची अंमलबजावणी करताना आपण मुक्तस्रोताचा अर्थ फुकट असा लावला. परवान्याचा खर्च वाचला, अहवालात बचत दाखवली, विषय संपला. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हे पटत नाही. परवान्याची किंमत शून्य झाली म्हणून तपासणीची किंमत शून्य होत नाही. विकत घेतलेल्या वस्तूची हमी निदान कागदावर विक्रेता देतो. मुक्तस्रोतात ती हमी आपण स्वतःला द्यायची असते. जीडीएएल १९९८ मध्ये सुरू झाले, क्यूजीआयएस २००२ मध्ये; दोन्ही मोजक्या लोकांच्या परिश्रमावर उभी राहिली. जगभरची सरकारे ती वापरतात. त्यांना आपण काय देतो? पैसा देणे आपल्या नियमांत अवघड असेल. पण ‘कऱ्हाड तीन तऱ्हांनी लिहिले की जोडणी तुटते’ एवढी एक नेमकी तक्रार उदाहरणासह नोंदवणे कोणत्या वित्तीय नियमाविरुद्ध आहे? सार्वजनिक विहिरीचे पाणी सर्वांनी भरायचे आणि गाळ कोणीच काढायचा नाही, यालाच अर्थशास्त्रात फुकट्याचा प्रश्न म्हणतात.

एक आक्षेप मला सहकाऱ्यांकडून नेहमी ऐकावा लागतो. सहसचिवाने रकाने तपासत बसायचे काय? याला ब्रिटनमधील एक घटना पुरे. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस तिथे कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी राष्ट्रीय आकडेवारीतून काही दिवस गळाल्या. कारण इतकेच, की माहिती जुन्या प्रकारच्या स्प्रेडशीटमधून वाहून नेली जात होती आणि तिच्या पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. त्या काळात ज्या संपर्कांचा शोध वेळेवर घेता आला नाही, त्याचे उत्तर संसदेत मंत्र्यांना द्यावे लागले. स्प्रेडशीट उघडणाऱ्याला नव्हे. उत्तर ज्याला द्यायचे आहे त्याने प्रश्न आधीच विचारलेला बरा.

दुसरा आक्षेप असा, की या साऱ्या गोष्टी संगणकतज्ज्ञांना ठाऊक असतात. असतात, हे मी मान्य करतो. पण रिकामी जागा म्हणजे निर्मनुष्य गाव की न पोहोचलेला प्रगणक, हे तज्ज्ञ कसे सांगणार? आपल्या जनगणनेत निर्मनुष्य गावेही यादीत असतात. त्यांची लोकसंख्या खरोखरीच शून्य असते. तिथे शून्य लिहिणे बरोबर आणि रिकामे ठेवणे चूक. शेजारच्याच गावी याच्या उलट. हा भेद फक्त विषय जाणणाऱ्यालाच करता येतो.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. नकाशा-प्रणाली स्वीकारण्यापूर्वी, ती मुक्तस्रोत असो वा विकतची, प्रत्येक मंत्रालयाने आपल्या विषयाचा एक छोटा चाचणी-तक्ता करावा आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत फिरवून परत आल्यावर ताळमेळ घ्यावा. ताळमेळ जुळल्याशिवाय देयक मंजूर करू नये. प्रत्येक तक्त्यासोबत रकान्यांचे एक पान असावे. त्यात नाव, प्रकार, लांबी, एकक आणि रिकामे चालेल की नाही हे लिहिलेले असावे आणि त्यावर संगणक विभागाची नव्हे, विषय विभागाची सही असावी. संकेतांक सदैव अक्षरांत ठेवावेत. संख्येच्या प्रत्येक महत्त्वाच्या रकान्याशेजारी कारणाचा एक रकाना असावा, ज्यात ‘निरंक’, ‘अप्राप्त’ किंवा ‘लागू नाही’ यांपैकी एक शब्द लिहिणे बंधनकारक असेल. मूळ प्रत केवळ शेपफाइलमध्ये कधीही ठेवू नये. आणि जो दोष सापडेल तो ज्यांचे सॉफ्टवेअर आहे त्यांना कळवावा.

यांतील एकाही गोष्टीसाठी नवा निधी, नवे पद किंवा नवी समिती लागत नाही. दोन दुपारी लागतात.

त्या बैठकीतील परवान्यांचा प्रस्ताव पुढे मागे पडला. राज्यांना पत्रे गेली नाहीत. तक्ता दुरुस्त केला, तेव्हा ९९ जिल्ह्यांपैकी बहुतेकांची प्रगती चांगली निघाली. काहींची मात्र माहिती खरोखरच आलेली नव्हती. त्यांच्यासाठी सूचीत एक नवा, करडा रंग घेतला आणि त्यापुढे ‘अप्राप्त’ असे लिहिले. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी पहिला प्रश्न त्या करड्या जिल्ह्यांबद्दलच विचारला आणि त्याच सायंकाळी त्यांना स्मरणपत्रे रवाना झाली.